मेथीच्या मोडांतून आलेली साथ: जर्मनी, २०११

हॅम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयात एचयूएसची तीन मुलं एकाच वेळी दाखल असल्याची खबर बर्लिनच्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटला, म्हणजे जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेला, १९ मे २०११ रोजी मिळाली. एचयूएस म्हणजे हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम. यात रक्तातल्या लाल पेशी फुटतात, प्लेटलेट झपाट्याने उतरतात आणि मूत्रपिंडं काम थांबवतात. हा आजार बहुतेक वेळा शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलाय जीवाणूमुळे, म्हणजे ईएचईसीमुळे होतो, आणि युरोपात तो प्रामुख्याने पाच वर्षांखालच्या मुलांत दिसतो. त्यामुळे तीन मुलं एकदम आली तरी कान टवकारले जातात.

दुसऱ्या दिवशी पथक हॅम्बुर्गला पोहोचलं तेव्हा मामला वेगळाच निघाला. खाटांवर मुलं थोडी आणि मोठी माणसं जास्त होती, त्यातही बायका. साथ जुलैमध्ये ओसरली तोवर जर्मनीत ३८१६ जण आजारी पडले होते. त्यांपैकी ८४५ जणांना एचयूएस झाला आणि ५४ जण दगावले. एचयूएस झालेल्यांत ८८ टक्के प्रौढ होते, मध्यक वय ४२ वर्षं, आणि ६८ टक्के स्त्रिया. साधारण दर पाच रुग्णांमागे एकाला एचयूएस होणं हे प्रमाण नेहमीच्या ईएचईसी साथींपेक्षा खूपच वर होतं. उत्तर जर्मनीतल्या रुग्णालयांत डायलिसिसची यंत्रं आणि प्लाझ्मा बदलण्याची सोय पुरी पडेना.

अन्नातून होणाऱ्या आजारांच्या जीवाणूंवर काम करू पाहणाऱ्याने हे प्रकरण मुळापासून वाचावं. त्यात दोन शोध शेजारी शेजारी चालले होते: जीवाणू कोणता आणि अन्न कोणतं. पहिल्याचं उत्तर आठवड्याच्या आत मिळालं. दुसऱ्याला तीन आठवडे लागले, आणि मधल्या काळात भलत्याच पिकावर आरोप गेला. दोन्हींच्या वेगातला हा फरक नशिबाचा नव्हता. जीवाणूची जुनी नोंद कुणीतरी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. अन्नाची नोंद मात्र रुग्णांच्या आठवणीत शोधली जात होती.

फ्रीझरमधल्या ४२ नळ्या

जर्मनीत एचयूएसच्या रुग्णांचे नमुने म्युन्स्टर विद्यापीठाच्या स्वच्छताशास्त्र संस्थेत जात. तिथले तेव्हाचे प्रमुख हेल्गे कार्श यांनी आपलं बरंचसं संशोधन याच एका जीवाणूगटावर केलं होतं. शिगा विषाची वेगवेगळी जनुकं एकाच प्रायमर जोडीने (प्रायमर म्हणजे हवं ते जनुक हेरणारे डीएनएचे छोटे तुकडे) पकडणारी पीसीआर पद्धत, म्हणजे जनुकाच्या असंख्य प्रती काढून ते ओळखण्याची पद्धत, त्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली होती. १९९२ मध्ये त्यांनी दाखवलं की ईएचईसीचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले जीवाणू, प्लेटवरून प्लेटवर पुढे नेत गेलं की त्यातली विषाची जनुकं वारंवार गळून जातात.

ही दुसरी गोष्ट प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात फार महत्त्वाची आहे. विषाची जनुकं जीवाणूची स्वतःची नसतात. ती त्याच्या गुणसूत्रात शिरलेल्या विषाणूवर, म्हणजे फाजवर असतात, आणि फाज निघून जाऊ शकतो. म्हणून शौच नमुन्याची पहिली प्लेट वाढली की एकच कॉलनी उचलून बाकीची टाकून देऊ नये. दाट वाढीवरून लूप फिरवून ती सगळी वाढ पीसीआरला लावावी. विषाचं जनुक दिसलं तर त्याच प्लेटवरच्या पुष्कळ कॉलन्या एकेक करून तपासाव्यात. मिळालेली कॉलनी शक्य तितक्या कमी फेऱ्यांत ग्लिसरॉलमध्ये घालून उणे ८० अंशांवर ठेवावी. चार-पाच वेळा पुढे नेलेलं कल्चर जपून ठेवलं, तर पाच वर्षांनी नळीतून निघणारा जीवाणू निरुपद्रवी असू शकतो आणि मूळ निदानच चुकीचं वाटू लागतं.

म्युन्स्टरच्या गटाने १९९६ ते २००६ या काळातल्या एचयूएस रुग्णांचे ५२४ जीवाणू तपासले आणि त्यांतून ४२ प्रातिनिधिक नमुने निवडून एचयूएसईसी नावाचा संग्रह केला. असल्या संग्रहाचं बाहेर कुणाला अप्रूप नसतं. नळ्यांवर क्रमांक घालणं, वीज गेली तर फ्रीझरची काळजी, प्रत्येक जीवाणूचा सीरोटाइप (पृष्ठभागावरच्या रेणूंवरून ठरणारा प्रकार), जनुकीय प्रकार आणि विषाची जात नोंदवणं, असं ते काम. तरीही या शाखेतलं हे सर्वांत मोलाचं काम आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि मे २०११ ने त्याचा पुरावा दिला.

हॅम्बुर्गचे नमुने आल्यावर काही दिवसांतच, २५ मेच्या सुमारास, जीवाणूची ओळख पटली: सीरोटाइप ओ१०४:एच४, जनुकीय प्रकार एसटी६७८. तोवर मानवी आजारात हा प्रकार अगदी क्वचित नोंदला गेला होता. पण म्युन्स्टरच्या संग्रहात त्याचा भाऊबंद बसलेला होता: एचयूएसईसी०४१, २००१ मध्ये एचयूएस झालेल्या एका मुलाच्या नमुन्यातून मिळालेला. तुलनेला जुना जीवाणू हाताशी असल्यामुळे नव्या जीवाणूत काय वेगळं आहे हे लगेच पाहता आलं. दोघांच्या जीनोमचा कच्चा आराखडा ६२ तासांच्या आत तयार झाला. त्याच सुमारास हॅम्बुर्गच्या रुग्णालयाने पाठवलेल्या नमुन्याचा जीनोम चीनमधल्या शेनझेनच्या बीजीआय संस्थेने वाचून २ जूनला सर्वांसाठी खुला केला, आणि जगभरचे जीवशास्त्रज्ञ त्याचं विश्लेषण करू लागले.

नेहमीच्या प्लेटवर तो का दिसला नसता

ईएचईसी म्हटलं की बहुतेक प्रयोगशाळा ओ१५७:एच७ शोधतात. त्याची सोपी खूण अशी की तो सॉर्बिटॉल ही साखर चटकन आंबवत नाही. सॉर्बिटॉल मॅकॉन्की आगर या जीवाणू वाढवण्याच्या माध्यमावर साधे ई. कोलाय गुलाबी कॉलन्या देतात आणि ओ१५७:एच७ रंगहीन दिसतो. ओ१०४:एच४ सॉर्बिटॉल आंबवतो. त्याच्या कॉलन्या आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलायसारख्याच गुलाबी दिसतात. फक्त त्या प्लेटवर भिस्त ठेवणाऱ्या प्रयोगशाळेने "ईएचईसी आढळला नाही" असा अहवाल पूर्ण प्रामाणिकपणे दिला असता.

दुसरी चकवणारी गोष्ट जनुकांत होती. आतड्याला चिकटण्यासाठी बहुतेक ईएचईसी इंटिमिन हे प्रथिन वापरतात, आणि त्याचं ईएई हे जनुक चाचणीत विषाच्या जनुकाबरोबर तपासलं जातं. विष आहे पण ईएई नाही, असा निकाल आला की तो कमी धोक्याचा मानण्याकडे कल असे. ओ१०४:एच४ मध्ये ईएई नव्हतंच. तो मुळात एंटेरोअॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय होता, म्हणजे पेशींवर विटा रचल्यासारखा थरावर थर देऊन चिकटणारा. हा गट विकसनशील देशांतल्या मुलांच्या चिवट जुलाबांना आणि प्रवाशांच्या हगवणीला कारण होतो. त्याने शिगा विष २ चा फाज मिळवला होता. शिवाय सीटीएक्स-एम-१५ हे प्रतिजैविकरोधी जनुक वाहणारा प्लास्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा सुटा गोल तुकडा, त्याच्याजवळ होता. २००१ च्या जुन्या नमुन्यात हे जनुक नव्हतं, आणि चिकटण्याचे तंतूही वेगळ्या जातीचे होते. घट्ट चिकटणारा जीवाणू आणि तीव्र विष एकत्र आल्यामुळे एचयूएसचं प्रमाण इतकं चढलं असावं, हे स्पष्टीकरण आज बहुतांशी मान्य आहे.

हा प्रतिजैविकरोध प्रयोगशाळेला मात्र उपयोगी पडला. ईएसबीएल जीवाणू, म्हणजे असा प्रतिजैविकरोध असलेले जीवाणू, शोधण्यासाठी मिळणाऱ्या रंगदर्शक आगरवर नमुना लावला की बाकीची गर्दी दबून जाते आणि संशयित कॉलन्या उठून दिसतात. अशी कॉलनी उचलायची आणि म्युन्स्टरने तयार केलेली चार जनुकांची पीसीआर लावायची: ओ१०४ चं आरएफबी, एच४ चं फ्लिसी, विषाचं एसटीएक्स२ आणि टेल्युराइटरोधाचं टीईआरडी. चारही जनुकांचे पट्टे निकालात आले तरच साथीचा जीवाणू म्हणायचं. या पद्धतीने २३ मे ते २ जून या काळातल्या ८० रुग्णांचे जीवाणू तपासले गेले.

चारही पट्टे का हवेत, याचा धडा त्याच आठवड्यात मिळाला.

काकडीवर गेलेला आरोप

पहिल्या मुलाखती सविस्तर होत्या. बारा रुग्णांना गेल्या काही दिवसांत काय काय खाल्लं ते विचारलं. कच्च्या दुधावर आणि अर्धवट शिजलेल्या गोमांसावर, म्हणजे ईएचईसीच्या नेहमीच्या वाटांवर, संशय जाईना. बहुतेकांनी कच्चे टोमॅटो, काकडी आणि सॅलडची पानं सांगितली. मोड तिघांनीच सांगितले. हॅम्बुर्गमधल्या पहिल्या तुलनात्मक अभ्यासातही याच तीन भाज्या पुढे आल्या. २५ मेला सरकारी संस्थांनी इशारा दिला: उत्तर जर्मनीत कच्चे टोमॅटो, काकडी आणि पालेभाज्यांचं सॅलड खाऊ नका.

२६ मेला हॅम्बुर्गच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं की काकड्यांवर ईएचईसी सापडला आहे आणि त्यांतल्या काही काकड्या स्पेनच्या आहेत. ३१ मेला खुलासा आला की काकडीवरचा जीवाणू ओ१०४ नाही, रुग्णांतला नव्हेच. मधल्या पाच दिवसांत स्पेनच्या भाजीबाजाराचं कंबरडं मोडलं होतं. रशियाने २ जूनला युरोपीय संघाच्या भाज्यांवर बंदी घातली, आणि शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी संघाला २१ कोटी युरो मंजूर करावे लागले.

काकडीचा निकाल तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. शिगा विषाचं जनुक असलेले ई. कोलाय गुरांच्या शेणात, ओढ्याच्या पाण्यात, मातीत सर्रास असतात. पुरेशा भाज्या तपासल्या की एखादीवर ते सापडणारच. म्हणून अन्नात विषाचं जनुक मिळालं की त्यापुढच्या पायऱ्या टाळता येत नाहीत: जिवंत जीवाणू वेगळा करणं, सीरोटाइप ठरवणं, रुग्णांच्या जीवाणूशी जनुकीय ठसा जुळवणं. याला दोन ते पाच दिवस लागतात. त्या दिवसांत लोकांना सावध करायचं की गप्प बसायचं, हा निर्णय कठीण असतो आणि बाहेरून दोष देणं सोपं असतं. तरी "नमुन्यात काहीतरी सापडलं, जुळणी सुरू आहे" आणि "उगम सापडला" या दोन वाक्यांत एका देशाच्या हंगामाचं अंतर असतं. अधिकाऱ्याच्या हातात अहवाल देताना सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने हे अंतर लेखी नोंदवायलाच हवं.

मोड रुग्णांच्या बोलण्यात का आले नाहीत? इथे काळाचा हिशेब मांडावा लागतो. दूषित घास पोटात गेल्यापासून जुलाब सुरू होईपर्यंत या साथीत साधारण ८ दिवस जात होते. ओ१५७ मध्ये हा काळ बहुधा तीन-चार दिवसांचा असतो. जुलाबापासून एचयूएसपर्यंत आणखी ५ दिवस. म्हणजे खाटेवरच्या रुग्णाला जवळपास दोन आठवड्यांपूर्वीच्या जेवणाबद्दल विचारलं जात होतं, तेही मूत्रपिंडं बंद पडलेली असताना. काकडी माणूस मागवून खातो, म्हणून ती लक्षात राहते. मोड सॅलडवर चिमूटभर भुरभुरलेले असतात, सँडविचच्या मधल्या थरात दडलेले असतात, किंवा ताटाच्या कडेला शोभेला ठेवलेले असतात. पुढे २६ एचयूएस रुग्ण आणि ८१ निरोगी माणसांची तुलना करणारा अभ्यास झाला. त्यातही केवळ २५ टक्के रुग्णांनी मोड खाल्ल्याचं सांगितलं आणि ८८ टक्क्यांनी काकडी. टक्केवारीच बघणारा काकडीवरच थांबला असता. निरोगी माणसांत मोड खाणारे त्याहूनही विरळ होते, म्हणून तुलनेत मोडांचा धोका ५.८ पट दिसला. तरी २५ टक्क्यांवर जगापुढे काय सांगणार?

आचाऱ्याला विचारा

कोंडी फुटली ती रुग्णांना प्रश्न विचारणं थांबवल्यावर. उत्तर जर्मनीत ल्युबेकमधल्या एका रेस्टॉरंटात मेच्या मध्यात जेवलेल्या अनेक गटांतले लोक आजारी पडले होते. शोधनिबंधात त्याला "रेस्टॉरंट के" म्हटलं आहे. तिथे जेवून गेलेल्या दहा गटांतले १५२ जण शोधून काढले. त्यांतल्या ३१ जणांना, म्हणजे २० टक्क्यांना, रक्ती जुलाब किंवा चाचणीने पक्का झालेला ओ१०४ चा संसर्ग होता.

या १५२ जणांना "मोड खाल्ले का?" असं विचारलं नाही. कोणता पदार्थ मागवला, एवढंच विचारलं, कारण पदार्थाचं नाव लोकांना आठवतं. बिलं आणि मागणीच्या नोंदी काढल्या. गटातल्या लोकांनी टेबलावर काढलेले फोटो मागवून ताटात काय होतं ते पाहिलं. मग रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्याबरोबर प्रत्येक पदार्थाची कृती लिहून घेतली: घटक कोणते, प्रत्येकाचं प्रमाण किती, ते शिजतात की कच्चेच वाढले जातात, वर सजावटीला काय. अशा रीतीने प्रत्येक पाहुण्याच्या ताटातल्या घटकांची यादी त्याच्या आठवणीशिवाय तयार झाली.

आकडे स्वच्छ निघाले. ज्यांच्या ताटात मोड वाढले गेले होते त्यांचा आजारी पडण्याचा धोका इतरांच्या १४.२ पट होता. त्याहून बोलका आकडा असा की आजारी पडलेल्या ३१ पैकी सगळ्यांच्या, म्हणजे १०० टक्के लोकांच्या ताटात मोड होते. टोमॅटो, काकडी किंवा सॅलडच्या पानांनी हे साधलं नव्हतं.

या पद्धतीला रेसिपीवर आधारलेला गट-अभ्यास म्हणतात. वसतिगृहाची मेस, लग्नातली पंगत, कंपनीचं कँटीन अशा ठिकाणी विषबाधा झाली की आपल्याकडेही पहिला प्रश्न "काय खाल्लं?" हाच असतो आणि उत्तर "भात, पनीर, गुलाबजाम" असं येतं. कोथिंबीर कधी चिरली, चटणी कधी वाटली, दही कधी विरजलं, कोशिंबिरीत वरून काय घातलं हे जेवणाऱ्याला माहीतच नसतं. ते आचारी आणि वाढपी यांना माहीत असतं. त्यांना धमकावलं की ते गप्प बसतात. त्यांच्याशी शांतपणे बसून, एकेक पदार्थाचं नाव घेत, साहित्याची खरेदी-पावती समोर ठेवून लिहून घेतलं की दोन तासांत काम होतं. अशी यादी साधारण दोन दिवसांच्या आत करावी, कारण त्यानंतर उरलेलं साहित्य टाकून दिलं जातं आणि भांडी घासली जातात.

माग

मोडांचा पुरवठादार सापडला की उत्पादकापर्यंत पोहोचता येतं. लोअर सॅक्सनी राज्यातल्या बीनेनब्युटेल गावाजवळच्या एका मोड-उत्पादक शेताचं नाव ५ जूनला पुढे आलं. शेत सेंद्रिय होतं आणि मोडांची मिश्रणं दुकानांना, रेस्टॉरंटांना पुरवत होतं. माग दोन्ही दिशांनी काढला गेला. आजारी पडलेल्यांच्या ठिकाणांपासून मागे, आणि शेताच्या विक्री-नोंदींपासून पुढे. ज्यांचे व्यापारी धागे माहीत होते असे ४१ रुग्णसमूह सर्वच्या सर्व याच शेतापर्यंत पोहोचले. १० जूनला टोमॅटो, काकडी आणि सॅलडवरचा इशारा मागे घेऊन मोडांवर बोट ठेवण्यात आलं.

मिश्रणातलं कोणतं बी? याचं उत्तर फ्रान्समधून आलं. बोर्दोजवळच्या बेग्ल इथे ८ जूनला मुलांच्या केंद्रातल्या एका कार्यक्रमात घरी उगवलेले मोड थंड सूपवर घालून वाढले गेले, आणि जेवलेल्यांपैकी अनेकांना रक्ती जुलाब झाले. जीवाणू तोच, ओ१०४:एच४. त्या मोडांचा जर्मन शेताशी संबंध नव्हता. बिया बागकामाच्या दुकानातून पाकिटात आणलेल्या होत्या. दोन्हीकडे समान निघाली ती मेथी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ५ जुलैच्या अहवालात माग इजिप्तमधून आलेल्या मेथीच्या एका लॉटपर्यंत नेला: क्रमांक ४८०८८, सुमारे १५ टन, २००९ च्या अखेरीस निघालेला. बी दीड वर्षं कोरडं पडून होतं आणि तरीही जीवाणू जिवंत राहिला होता. युरोपीय संघाने त्या पुरवठादाराच्या मेथीचे साठे नष्ट करायला लावले आणि इजिप्तहून येणाऱ्या मोडाच्या बियांची आयात काही महिने थांबवली.

बियांत जीवाणू मिळाला का?

नाही. संशयित लॉटच्या बियांतून ओ१०४:एच४ कधीही वेगळा करता आला नाही. यावरून बऱ्याच जणांनी निष्कर्षावरच शंका घेतली. पण नमुना घेण्याचं गणित पाहिलं की हे अपेक्षितच होतं.

समजा एक किलो मेथीत जीवाणूने बाधलेला एकच दाणा आहे. चाचणीचा नमुना २५ ग्रॅमचा असतो. तो दाणा नमुन्यात येण्याची शक्यता अडीच टक्के. असे १० नमुने घेतले तरी तो सापडण्याची शक्यता २५ टक्केच. शिवाय सापडलेला जीवाणू कोरडेपणाने दुबळा झालेला असतो आणि निवडक माध्यमात लगेच वाढत नाही. म्हणून आधी २५ ग्रॅमला २२५ मिलिलिटर बफर्ड पेप्टोन वॉटरसारख्या सौम्य माध्यमात ३७ अंशांवर १८ ते २४ तास ठेवून त्याला सावरू द्यावं लागतं. इतकं करूनही निकाल "आढळला नाही" आला, तर त्याचा अर्थ "या २५ ग्रॅममध्ये आढळला नाही" एवढाच. पोतं निर्धोक ठरत नाही.

मोड आणताना नेमकं उलट घडतं. दाणा भिजतो, साल फुटते, साखरा आणि अमिनो आम्लं पाण्यात उतरतात, तापमान २० ते ३० अंश, ओल भरपूर. दोन-तीन दिवसांत ग्रॅमला मोजकेच असलेले जीवाणू कोटीपर्यंत जाऊ शकतात, आणि पाणी मारताना एका दाण्यावरचे शेजारच्या हजारो दाण्यांवर पसरतात. मोडांवर इतर निरुपद्रवी जीवाणूही ग्रॅमला कोटींच्या घरात असतात. त्यामुळे मोडांतून रोगकारक जीवाणू वेगळा करणं अवघड जातं. वापरून बाहेर पडलेलं सिंचनाचं पाणी तपासणं जास्त फलदायी ठरतं, कारण ते सगळ्या दाण्यांवरून फिरून आलेलं असतं.

जपानच्या साकाईमध्ये १९९६ साली मुळ्याच्या मोडांशी जोडली गेलेली ओ१५७ ची साथ हजारो शाळकरी मुलांना भोवली होती. म्हणजे हा धोका २०११ मध्ये नवा नव्हता. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ पासून बी भिजवण्याआधी २०,००० पीपीएम कॅल्शियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाची शिफारस केली. ही प्रक्रिया जीवाणूंची संख्या उतरवते, पण सालीच्या चिरांत बसलेल्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे तिच्या भरवशावर चाचणी सोडता येत नाही.

युरोपीय संघाने २०१३ मध्ये मोडांसाठी वेगळे नियम केले. विक्रीला येणाऱ्या मोडांच्या पाच नमुन्यांत, प्रत्येकी २५ ग्रॅम, ओ१५७, ओ२६, ओ१११, ओ१०३, ओ१४५ आणि ओ१०४:एच४ यांपैकी विषारी ई. कोलाय एकातही असू नये. उत्पादन सुरू झाल्यावर किमान ४८ तासांनी, महिन्यातून एकदा तरी तपासणी करायची. त्याऐवजी सिंचनाच्या पाण्याचे २०० मिलिलिटरचे पाच नमुने चालतात. बियांचा नवा लॉट वापरण्यापूर्वी त्याच्या किमान ०.५ टक्के वजनाचा नमुना ५० ग्रॅमच्या भागांत घेऊन उगवून बघायचा आणि मग तपासायचा. बी तपासण्याऐवजी उगवून तपासण्याची ही अट मला सर्वांत शहाणपणाची वाटते: जी प्रक्रिया जीवाणूला वाढवते तीच चाचणीसाठी वापरली आहे.

महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरात

आपल्याकडे मटकी, मूग, मेथी यांना मोड आणणं रोजचं आहे. रात्रभर भिजवून फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीचं तापमान आणि ओल जीवाणूंना तितकीच मानवते जितकी त्या जर्मन शेतात मानवली. वाचवतं ते शिजवणं. ई. कोलाय मरायला घासाच्या मधोमध ७० अंश दोन मिनिटं पुरतात. उकळती उसळ, मिसळीचा रस्सा, कुकरची शिटी हे सगळं त्याच्या पुष्कळ वर आहे. पारंपरिक पदार्थांत मोड बहुतेक शिजलेलेच असतात.

अडचण हल्ली वाढलेल्या कच्च्या मोडांची आहे. डब्यातलं सॅलड, व्यायामशाळेबाहेर मिळणारी वाटी, पाकिटातले तयार मोड. लिंबू पिळल्याने, मीठ-चाट मसाल्याने किंवा नळाखाली धुतल्याने जीवाणू जात नाहीत. फ्रीजमध्ये त्यांची वाढ मंदावते, ते मरत नाहीत. ज्यांना सॅलडच हवं त्यांनी मोड पाच मिनिटं जोरदार वाफेवर ठेवावेत, पसरून लगेच गार करावेत आणि त्याच दिवशी संपवावेत. गरोदर स्त्रिया, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना कच्चे मोड देऊच नयेत. रक्ती जुलाब झाल्यास घरातलं उरलेलं प्रतिजैविक सुरू करू नये. काही प्रतिजैविकांमुळे जीवाणू ताणाखाली येतो, त्यातला फाज जागा होतो आणि जास्त विष सुटतं. लघवी कमी झाली किंवा चेहरा पांढराफटक पडला तर थेट रुग्णालय गाठावं.

मोड विकणाऱ्या छोट्या उद्योगाने दोन कामं आजच करावीत. बियांच्या पोत्यावरचं लेबल आणि खरेदीची पावती प्रत्येक घाण्याच्या तारखेशी जोडून वहीत चिकटवावी. आणि कोणत्या घाण्याचा माल कुठल्या दुकानात, किती किलो गेला ते लिहावं. वही निदान तीन महिने टाकू नये. घास पोटात गेल्यापासून एचयूएस दिसेपर्यंत दोन आठवडे, निदान आणि कळवण्यात आणखी एक-दोन, मग मुलाखती आणि माग. चौकशीचं पथक दारात येईल तेव्हा दूषित मोड केव्हाच खाऊन संपलेले असतील आणि तपासायला ती वहीच उरलेली असेल.